रुग्णालयातली कार्यसंस्कृती आणि सिस्टरांचं समाधान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर, इनचार्ज, मेट्रन, छोट्या रुग्णालयांचे मालक आणि एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी हा विषय घेतलेले विद्यार्थी हे प्रश्न विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातली रुग्णालयं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. सरकारी कागदांवरच्या अधिपरिचारिका, परिसेविका आणि अधिसेविका यांना इथे वॉर्डात म्हणतात तसंच सिस्टर, इनचार्ज (वॉर्डाची प्रमुख) आणि मेट्रन (रुग्णालयातल्या सगळ्या परिचारिकांची प्रमुख) म्हटलं आहे.

कार्यसंस्कृती म्हणजे नेमकं काय? शब्द फार मोघम वाटतो.

वॉर्डात कुणी न सांगता जे रोज घडतं, ती तिथली संस्कृती. दुपारचे दोन वाजले आणि इव्हिनिंगची सिस्टर आलीच नाही, तर काय होतं? एका वॉर्डात इनचार्ज सुपरवायझरला फोन लावते, तासाभरासाठी दुसरीकडून माणूस मागवते आणि मॉर्निंगच्या सिस्टरला घरी जाऊ देते. शेजारच्या वॉर्डात "तू थांब ना गं, तुझी मुलं आता मोठी आहेत" म्हणून तिलाच डबल ड्यूटी लागते आणि त्या सहा तासांची नोंद कुठेच होत नाही. दोन्ही वॉर्डांत नियमांची फाईल एकच असते.

वॉर्ड ओळखायचा तर पाच गोष्टी पाहाव्यात: ड्यूटी लिस्ट कशी लागते, ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवणं) कसा होतो, चूक झाल्यावर पहिल्या तासात काय होतं, डॉक्टर सिस्टरांशी कसं बोलतात आणि फुटलेल्या थर्मामीटरचे पैसे कोण भरतं. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. पण चादरी, ट्रे, बीपीचं यंत्र यांचा हिशेब इनचार्जच्या नावावर असतो आणि निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र त्यावरच अडकतं. मग ती चांगली चादर कपाटात कुलपात ठेवते आणि पेशंट फाटक्या चादरीवर झोपतो. हा तिचा कोतेपणा नसतो. जिथे दर तीन महिन्यांनी निर्लेखन समिती बसून फाटकं-तुटकं हिशेबातून काढून टाकते, तिथे कपाटं उघडी राहतात.

शेवटी सगळं पगारावरच येतं ना?

पगार कमी असेल तर बाकीच्या गोष्टींवर बोलायला तोंड उरत नाही, हे आधी मान्य करावं. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने स्पष्ट शिफारस केली: २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतकं वेतन, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्के कमी आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली नाही. ही शिफारस होती. ती अमलात आणणं राज्यांवर सोडलं गेलं. आपल्या रुग्णालयाचा आकडा या पट्टीवर कुठे बसतो ते व्यवस्थापनाने तपासावं. तो फार खाली असेल तर संस्कृतीच्या कार्यशाळा घेऊ नयेत, तो खर्च पगाराकडे वळवावा.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेली जुनी विभागणी इथे अजून कामी येते. पगार, सुट्ट्या, सुरक्षितता नसली तर माणूस नाराज होतो, पण त्या असल्या म्हणून तेवढ्यावर तो कामावर खूश होतोच असं नाही. खूश होतो तो काम नीट पार पडलं, त्याची कुणी दखल घेतली, शिकायला मिळालं की. सरकारी नोकरीतला पगार बरा असूनही सिस्टर नाराज का, याचं उत्तर इथेच सापडतं. पेशंटचं अंग पुसायचं राहिलं, चार तास कूस बदलून दिली नाही, शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाजवळ दोन मिनिटं बसता आलं नाही, ही रुखरुख ती घरी घेऊन जाते. आमच्या मते परिचारिकेचं समाधान सर्वांत जास्त एका गोष्टीवर ठरतं: तिला शिकवलेली शुश्रूषा तिला करता येते का?

संस्कृती आणि समाधान यांचा संबंध संशोधनात दिसतो का?

दिसतो, आणि तो जुना आहे. अमेरिकेत परिचारिकांची टंचाई असताना १९८३ मध्ये १६३ रुग्णालयांचा अभ्यास झाला. त्यातली ४१ रुग्णालयं अशी निघाली की तिथे परिचारिका येत आणि टिकतही. त्यांना 'मॅग्नेट' म्हटलं गेलं. तिथल्या समान गोष्टी पाहिल्या तर मेट्रनला निर्णयात स्थान, वॉर्डातल्या सिस्टरला स्वतःच्या कामावर अधिकार आणि डॉक्टरांशी बरोबरीचं नातं अशा होत्या.

२००२ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांची आकडेवारी मांडली. एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की ती पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, कामाबद्दल असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे तीन आकडे एकत्र वाचावेत. सिस्टरांचं समाधान हा त्यांच्या लाडाकोडाचा विषय नाही, पेशंटच्या जिवाशी त्याची गाठ आहे.

प्रबंध लिहिणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. एकाच दिवशी, एकाच प्रश्नावलीत, एकाच व्यक्तीला "संस्कृती कशी आहे" आणि "तुम्ही समाधानी आहात का" असं विचारलं की दोन्ही उत्तरं तिच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीने रंगतात. संबंध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. शक्य असेल तर दोन पाहण्यांत तीन महिन्यांचं अंतर ठेवा, किंवा समाधानाच्या जोडीला राजीनामे, आजारपणाच्या रजा, बदलीचे अर्ज यांची कार्यालयातली नोंद घ्या.

एका सिस्टरमागे किती पेशंट असावेत? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

कारण निकष वाचण्यातच घोळ होतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषात शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डासाठी १:३ असं प्रमाण आहे. ते ऐकून वाटतं की प्रत्येक पाळीत तीन पेशंटांना एक सिस्टर. पण त्याच निकषात पुढे "किंवा प्रत्येक पाळीला १:९" असंही आहे. म्हणजे १:३ हे दिवसभराच्या सगळ्या पाळ्या मिळून आहे. वर ३० टक्के रजा राखीव, म्हणजे रजेवर असलेल्यांच्या जागी जादा सिस्टर.

आता ३० खाटांचा वॉर्ड घ्या. १:३ ने १० सिस्टर, ३० टक्के राखीव धरून १३. प्रत्येक पाळीत तिघी ठेवायच्या तर रोज ९ ड्यूट्या, महिन्याला २७०. साप्ताहिक सुट्टी, नाइट ऑफ आणि रजा वजा जाता एक सिस्टर महिन्याला साधारण २२ ड्यूट्या देते. २७० भागिले २२, म्हणजे १३ जणी लागतातच. हिशेब कागदावर बसतो.

प्रत्यक्षात एक जागा रिक्त, एक सिस्टर २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवर आणि एक कार्यालयात ऑनलाइन माहिती भरायला 'तात्पुरती' दिलेली. उरल्या १०. त्यांच्या २२० ड्यूट्या, रोजच्या जेमतेम सात: सकाळी तीन, संध्याकाळी दोन, रात्री दोन. खाटा ३० असल्या तरी पेशंट ४२, बारा जण खाली गादीवर. रात्री एका सिस्टरकडे २१ पेशंट.

त्या रात्री काय होतं ते पाहा. सकाळी सहाची अँटिबायोटिकं २१ जणांना द्यायची आहेत. वायल विरघळवणं, नाव पडताळणं, शिरेतून सावकाश देणं आणि नोंद करणं याला माणशी सात मिनिटं धरली तर १४७ मिनिटं, जवळजवळ अडीच तास. म्हणून सहाचा डोस पहाटे साडेतीनला सुरू होतो आणि नोंदवहीत सगळ्यांपुढे "६.००" लिहिलं जातं. ती खोटं लिहिते कारण खरं लिहिलं तर मेमो (खुलासा मागणारं पत्र) मिळतो. रोज असं लिहावं लागणं माणसाला आतून पोखरतं आणि कोणत्याही समाधानाच्या प्रश्नावलीत हे "कामाचा ताण" या एका रकान्यात विरून जातं.

उपाय भरतीचाच आहे. तोवर इनचार्जने रोज सकाळी खाटा न मोजता पेशंट मोजून प्रमाण लिहून ठेवावं आणि महिन्याच्या शेवटी तो कागद मेट्रनमार्फत अधीक्षकांकडे लेखी पाठवावा. तोंडी तक्रारीतून पद मंजूर होत नाही. दुसरं म्हणजे कार्यालयात दिलेल्या सिस्टरांची संख्या वेगळ्या ओळीत दाखवावी, नाहीतर त्या वॉर्डात आहेत असंच वर समजलं जातं.

ड्यूटी लिस्ट न्यायाने लावायची कशी?

वॉर्डातली सर्वांत जास्त भांडणं या एका कागदावरून होतात, म्हणून थोडं सविस्तर.

लिस्ट महिन्याची असावी आणि महिना सुरू होण्याआधी किमान दहा दिवस लागावी. आठवड्याची लिस्ट रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल तर घरी आजारी सासू किंवा दहावीतलं मूल असलेली बाई काहीच ठरवू शकत नाही. सुट्टीच्या मागणीसाठी एक वही ठेवा; तारीख आणि नाव लिहिलेलं सगळ्यांना दिसावं. इनचार्जच्या कानात सांगून मिळालेला ऑफ बाकीच्यांच्या डोळ्यांवर येतो.

गणपती, दिवाळी, ईद, ख्रिसमस आणि ३१ डिसेंबर यांचा वेगळा तक्ता करा आणि मागच्या दोन वर्षांत कुणी काय केलं ते त्यात दाखवा. कोकणातल्या सिस्टरला गणपती हवा असतो, केरळच्या सिस्टरला ख्रिसमस. हे आपापसात जुळतं, फक्त तक्ता समोर हवा.

रात्रपाळ्या सलग किती, हे वॉर्डाने मिळून ठरवावं, पण प्रत्येकीच्या वर्षभराच्या रात्रींची बेरीज सारखी यावी. इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग देऊ नका. रात्री नऊला सुटून सकाळी सातला हजर व्हायचं असेल तर मध्ये दहा तास दिसतात, पण विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्या सिस्टरला त्यातले तीन-चार तास लोकलमध्ये आणि रिक्षाच्या रांगेत जातात. उरलेल्यात स्वयंपाक, डबा आणि झोप. पाळ्यांचा क्रम सकाळ, संध्याकाळ, रात्र असा पुढे सरकणारा ठेवला तर शरीराला जरा सोपं जातं.

बारा तासांच्या पाळ्या सिस्टरांनाच आवडतात, असं खासगी रुग्णालयं सांगतात. आवडतात हे खरं, कारण प्रवासाचे दिवस कमी होतात आणि सुट्ट्या जोडून मिळतात. पण युरोपातल्या १२ देशांच्या पाहणीत १२ तास किंवा जास्त पाळी करणाऱ्या परिचारिकांमध्ये थकवा, असमाधान आणि नोकरी सोडण्याचा विचार जास्त आढळला. बारा तास ठेवायचेच असतील तर सलग तीनपेक्षा जास्त पाळ्या देऊ नयेत आणि जेवणाची ३० मिनिटं दुसऱ्या सिस्टरला पेशंट सोपवून खरोखर मिळावीत.

आणि आयत्या वेळी ऑफ रद्द केलात तर बदली ऑफ कधी, हे त्याच दिवशी लेखी द्या. "नंतर बघू" म्हटलेले ऑफ कधीच मिळत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं.

ओव्हर नीट होण्याचा समाधानाशी काय संबंध?

घरी गेल्यावर वॉर्डातून फोन येणं हे सिस्टरांच्या वैतागाचं मोठं कारण आहे आणि तो फोन बहुधा अर्धवट ओव्हरमुळे येतो: "बेड सातचं ब्लड कुठे ठेवलंय?"

ओव्हर टेबलावर बसून न करता खाटेपाशी करावा. नाव, निदान, ऑपरेशनचा कितवा दिवस. कोणतं सलाईन चालू, किती उरलं. कॅथेटर आणि ड्रेनमध्ये किती जमा. कोणता डोस राहिला आणि का. कोणता रिपोर्ट यायचा. रात्री कशाकडे लक्ष ठेवायचं. पेशंटमागे दीड मिनिट धरलं तर २० पेशंटांना अर्धा तास. शेवटी नार्कोटिकच्या कपाटातली मोजणी दोघींनी मिळून करावी आणि दोघींनी सही करावी.

बिघडतं कुठे? एक पाळी आठला संपते आणि दुसरी आठलाच सुरू होते. मग हा अर्धा तास कुणाच्याच वेळेत नाही. महिन्याकाठी अकरा तास फुकट जातात. पाळ्यांमध्ये किमान १५ ते ३० मिनिटांचा दुहेरी वेळ ठेवणं आणि तो कामाच्या तासांत मोजणं हा साधा उपाय आहे. खर्चिक वाटला तरी एका राजीनाम्यानंतर नवीन सिस्टर शोधून तयार करण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडतात. यावर संस्था काही करू शकते का?

करू शकते, पण परिपत्रक काढून नाही. राऊंडच्या वेळी पेशंट आणि नातेवाइकांसमोर अपमान झाला की नातेवाईकही दुसऱ्या दिवशी सिस्टरशी त्याच आवाजात बोलतात. नियम एकच ठेवावा: चूक दाखवायची असेल तर ड्यूटी रूममध्ये. मोडला तर मेट्रनने विभागप्रमुखांकडे त्याच दिवशी लेखी कळवायचं, मग डॉक्टर कितीही मोठे असोत. वर्षाला लाखोंचा व्यवसाय आणणाऱ्या सर्जनला हा नियम लागू होतो का, याच्यावरून सिस्टर संस्थेला जोखतात.

सिस्टरांच्या बाजूने नेमकं बोलण्याचा सराव फार उपयोगी पडतो. रात्री दोन वाजता "सर, पेशंट बरा वाटत नाही" म्हटलं तर उत्तर चिडून येतं. त्याऐवजी: "सर, सर्जिकल वॉर्ड, बेड १४, काल अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला पेशंट. बीपी ९० बाय ६०, पल्स १२४, दोन तासांत युरिन २० एमएल. पोट ताठ लागतंय. रक्तस्राव वाटतो, तुम्ही आता येऊन बघा." परिस्थिती, पार्श्वभूमी, आपलं निरीक्षण, मागणी, या क्रमाने बोलायला अर्धं मिनिट लागतं. फोनवरची ऑर्डर लिहून घ्यावी, परत वाचून दाखवावी आणि २४ तासांच्या आत सही घ्यावी. सही द्यायला टाळाटाळ करणाऱ्यांची यादी मेट्रनकडे असावी.

चूक झाली की मेमो. मग कुणी चूक सांगेल कशाला?

सांगत नाहीच. ज्या रुग्णालयात वर्षभरात औषधाची एकही चूक नोंदली गेली नाही, तिथे चुका होत नाहीत असं समजू नये. तिथे भीती आहे.

महाराष्ट्रात या भीतीला ताजं कारण आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. दोन्ही ठिकाणी परिचारिकांवर कारवाई झाली. कोण किती दोषी हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा आणि मनुष्यबळ यांतलं काहीच हाती नसलेल्या सिस्टरांनी यातून काय धडा घेतला असेल, हे समजायला कठीण नाही.

चुकांचे तीन प्रकार वेगळे करावेत. अनवधानाने झालेली चूक: सारख्या दिसणाऱ्या दोन अ‍ॅम्प्यूल शेजारी ठेवल्या होत्या. इथे अ‍ॅम्प्यूलची जागा बदला आणि सिस्टरला धीर द्या. जोखमीची पडलेली सवय: वेळ नाही म्हणून मनगटावरचा पट्टा न पाहता औषध देणं. इथे समजवा आणि वेळ का मिळत नाही ते शोधा. जाणूनबुजून केलेला बेजबाबदारपणा. फक्त इथे शिक्षा.

सुई टोचण्याचं उदाहरण सर्वांत बोलकं. टोचल्यावर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, आणि ताबडतोब कळवायचं. एचआयव्हीचा धोका असेल तर औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस चालतं. जिथे टोचल्यावर पहिला प्रश्न "रिकॅप का केलंस?" (सुईला परत टोपण का लावलंस?) असा येतो, तिथे सिस्टर गप्प राहते आणि ७२ तास निघून जातात. औषधाचा पहिला डोस रात्रीही कुठे मिळेल, हे प्रत्येक वॉर्डात लिहून लावा. हिपॅटायटिस बी लशीचे तिन्ही डोस (०, १ आणि ६ महिने) रुजू होतानाच सुरू करून खर्च संस्थेने करावा.

इनचार्ज सिस्टर चांगली असेल तर बाकी सगळं चालून जातं का?

बरंच चालतं, हे अनुभवी मेट्रन नेहमी सांगतात. पण आपल्याकडे इनचार्ज होते ती सेवाज्येष्ठतेने आणि दुसऱ्या दिवसापासून तिने लिस्ट लावावी, भांडणं सोडवावीत, इंडेंट (साहित्याचं मागणीपत्र) भरावं, निकषांच्या फाईली सांभाळाव्यात असं गृहीत धरतात. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. बढतीआधी दोन आठवडे जुन्या इनचार्जबरोबर आणि मग तीन महिने मेट्रनकडे आठवड्याला अर्धा तास बसवलं तरी पुष्कळ फरक पडतो. तिच्या दिवसातले किमान दोन तास पेशंट आणि सिस्टरांमध्ये जायला हवेत; सध्या ते रजिस्टरांत जातात.

नवीन सिस्टर सहा महिन्यांत सोडून जातात. का?

पहिल्या आठवड्यातच स्वतंत्र पेशंट दिले जातात, म्हणून. किमान चार आठवडे एका ठरावीक सिनियरच्या हाताखाली ठेवा, त्या सिनियरचे पेशंट तेवढे कमी करा, पहिली एकटी नाइट आठव्या आठवड्याआधी देऊ नका. आयसीयूत हे दुप्पट धरा. "आम्हीही असंच शिकलो" हे वाक्य जिथे ऐकू येतं तिथे गळती जास्त असते.

भाषेचंही बघा. खासगी रुग्णालयांत मल्याळी, ईशान्येकडच्या, विदर्भ-मराठवाड्यातल्या मुली एका हॉस्टेलवर राहतात. ओव्हर सर्वांना समजेल त्याच भाषेत व्हावा. आडनावावरून कामं वाटली जातात का, ब्रदरना नेहमी कॅज्युअल्टीत आणि पेशंट उचलायलाच बोलावलं जातं का, हे इनचार्जने प्रामाणिकपणे तपासावं.

कंत्राटी सिस्टरांचं काय?

त्याच वॉर्डात, तेच काम, निम्म्या पगारात, आणि दर अकरा महिन्यांनी धाकधूक. अशा ठिकाणी संस्कृतीची कितीही डागडुजी केली तरी भेग उरते. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या शासकीय परिचारिकांनी बेमुदत संप केला, तेव्हा बाह्यस्रोतातून भरतीला विरोध ही मुख्य मागणी होती. नेमणूक बदलणं वॉर्डाच्या हातात नसतं. पण लिस्ट, प्रशिक्षण, लस, लॉकर आणि चहाची खोली यांत भेद न करणं असतं.

मारहाण किंवा छळ झाला तर?

महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हल्ल्यासाठी वेगळा कायदा आहे. परिचारिका त्यात येतात. तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. तक्रार संस्थेने स्वतः द्यावी. मार खाल्लेल्या सिस्टरला एकटीने पोलीस ठाण्यात पाठवू नये.

लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, एक बाहेरची सदस्य. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. त्याहून लहान दवाखान्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन चेंजिंग रूममध्ये लावा, अधीक्षकांच्या दालनाबाहेर नव्हे.

चेंजिंग रूमचा उल्लेख मुद्दाम केला. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना त्यांच्यावर हल्ला झाला. त्या १८ मे २०१५ ला मृत्यू होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या आणि सिस्टरांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, त्यांच्या पाठीवर जखम होऊ दिली नाही. कपडे बदलण्याची जागा वापरात असलेल्या मजल्यावर, उजेडात, आतून कडी लागणारी असावी. आजही किती ठिकाणी ती जिन्याखाली असते, ते आपापल्या रुग्णालयात जाऊन पाहावं.

थकवा आणि असमाधान यांत फरक काय?

असमाधानी सिस्टर तक्रार करते, भांडते, अर्ज देते. पूर्ण थकलेली सिस्टर गप्प होते. १९८१ पासून वापरात असलेल्या मास्लाक यांच्या २२ प्रश्नांच्या मोजपट्टीत तीन बाजू पाहतात: भावना आटणं, पेशंटकडे वस्तूसारखं पाहणं आणि आपल्या हातून काही भलं होत नाही असं वाटणं. पेशंटला नावाऐवजी "तो बेड नऊ" म्हणणं वाढलं की इनचार्जने सावध व्हावं. तिला सुट्टी आणि वॉर्ड बदलून हवा असतो. व्याख्यान, योगशिबिर किंवा १२ मे ला, परिचारिका दिनी, गुलाबाचं फूल देऊन हे भरून निघत नाही. ज्या दिवशी योगशिबिर, त्या दिवशी नाइट करून आलेल्यांना थांबवून घेतलं तर उलट होतं.

आपल्या रुग्णालयात हे मोजायचं कसं?

आयलीन लेक यांनी २००२ मध्ये मांडलेली ३१ विधानांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात पाच भाग आहेत: रुग्णालयाच्या कारभारात सहभाग, दर्जेदार शुश्रूषेचा पाया, इनचार्जचं नेतृत्व, मनुष्यबळ आणि साधनं, डॉक्टरांशी नातं. प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण. भागाची सरासरी २.५ च्या खाली गेली तर तिथे दुखणं आहे. वापरण्याआधी परवानगी घ्यावी. मराठी भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून उलट इंग्रजीत करून ताडून पाहावं.

अर्ज इनचार्जच्या हातून वाटू नका आणि परतही घेऊ नका. बंद पेटी ठेवा. ऑनलाइन असेल तर ईमेल नोंदणी बंद करा. वय, सेवेची वर्षं, वॉर्ड आणि शिक्षण हे चारही विचारलेत तर लहान वॉर्डात कोण कोण आहे ते लगेच कळतं, म्हणून पाचपेक्षा कमी उत्तरं आलेल्या वॉर्डाचा आकडा वेगळा दाखवू नका. पगारवाढीच्या आणि तपासणी पथकाच्या आठवड्यात पाहणी नको. निकाल ३० दिवसांत सिस्टरांना दाखवा आणि त्यातल्या दोनच गोष्टी हाती घ्या. पाहणी करून निकाल दडवला तर पुढच्या वेळी पेटी रिकामी येते.

जोडीला गळतीचा दर काढा: वर्षात सोडून गेलेल्या भागिले सरासरी संख्या गुणिले १००. १६० पैकी ४० गेल्या तर २५ टक्के. पहिल्या वर्षात गेलेल्यांचा आणि परदेशी गेलेल्यांचा आकडा वेगळा ठेवा, कारण आखाती देशात किंवा ब्रिटनमध्ये जाणारी सिस्टर तुमच्यावर नाराज असेलच असं नाही.

आमचं रुग्णालय २० खाटांचं आहे. पैसे न घालता काय करता येईल?

लिस्ट दहा दिवस आधी, मागणीची वही, जेवणाची ३० मिनिटं, चूक दाखवायची ती ड्यूटी रूममध्ये आणि नेमणुकीच्या वेळी ठेवून घेतलेली मूळ प्रमाणपत्रं ताबडतोब परत. यातल्या एकालाही खर्च नाही. लिस्टचा फरक दोन महिन्यांत दिसतो, चुका नोंदवण्याचा विश्वास बसायला वर्ष लागतं आणि एका सूडाच्या मेमोने तो एका दिवसात जातो.

नोकरी घेण्याआधी संस्कृती कशी ओळखायची?

मुलाखतीनंतर वॉर्ड दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर तेही उत्तरच आहे. भिंतीवरची ड्यूटी लिस्ट कोणत्या महिन्याची आहे आणि तिच्यावर किती खाडाखोड आहे ते पाहा. "काल रात्री या वॉर्डात किती पेशंट आणि किती सिस्टर होत्या?" असं मेट्रनऐवजी ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारा. सर्वांत जुनी सिस्टर इथे किती वर्षं काम करते आहे, ते विचारा. नेमणूकपत्रात पाळीचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाचा मोबदला लिहिलेला हवा. मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी दाखवा, छायाप्रती द्या, मूळ प्रती परत घेऊनच बाहेर पडा. आणि निघताना चेंजिंग रूमची कडी आतून लागते का ते बघून या.